एका खिळ्यावरची वर्षं

निफाडजवळ माझ्या मामांचं घर आहे. ओसरीच्या भिंतीत, विजेच्या मीटरशेजारी, एक जाड खिळा ठोकलेला आहे आणि त्या खिळ्यावर २४ वर्षांची कालनिर्णयं टांगलेली आहेत. मामा जुनं कॅलेंडर टाकत नाहीत. नवं आलं की ते जुन्याच्या पुढे अडकवतात, त्यामुळे वर्षं भिंतीपासून पुढे पुढे सरकत आली आहेत. खिळा दोनदा बदलला, जागा तीच राहिली. तारखांच्या चौकटींत मामांचं बारीक, तिरकं अक्षर. 'खालच्या प्लॉटची गोडी छाटणी.' 'एम-४५ मारलं, संध्याकाळी पाऊस.' 'पश्चिमेच्या ओळीत भुरी दिसली.' 'मोटार जळाली.' 'डिपिंगला २२ बाया.' 'पहिली तोड.' चौकटीत मावेल तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम. बागेचं एक वर्ष असं बारा पानांत बसतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा बाग कोणत्या अवस्थेत होती, हे मामांना दोन मिनिटांत दाखवता येतं. हात वर जातो, कॅलेंडरं पत्त्यांसारखी मागे पडतात, आणि बोट चौकटीवर येऊन थांबतं.

लहानपणापासून मी हे पाहत आले. त्यात माझ्या धंद्याचा धडा होता, तो मला नुकसान झाल्यावर दिसला.

मी सॉफ्टवेअर लिहिते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं काम करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही द्राक्षबागायतदारांसाठी एक ॲप्लिकेशन केलं. बागेत एक खांब, त्यावर पांढरी डबी. ती डबी हवेचं तापमान, आर्द्रता, पानावरचा ओलावा आणि मातीतली ओल मोजते आणि दर १० मिनिटांनी आमच्याकडे पाठवते. द्राक्षवाल्याला या चार आकड्यांचं मोल सांगावं लागत नाही. पान किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी हवा किती गार होती, यावर डाऊनी रोग येणार की नाही हे बरंचसं ठरतं. औषध आज मारायचं की उद्यावर टाकलं तरी चालेल, हा प्रश्न एका बागेला हंगामात कितीतरी वेळा पडतो आणि दर वेळी त्याची किंमत रोख मोजावी लागते. थंडीचं तर विचारूच नका. निफाडचा पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. बागायतदाराला तो आदल्या रात्री हवा असतो. पाणी भरलेल्या मण्याला कडाक्याच्या थंडीत तडे जातात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू करायचं, मुळाशी थोडी ऊब राखायची. आमचं ॲप्लिकेशन पारा ६ अंशांच्या खाली गेला की फोन वाजवायचं.

निफाड, दिंडोरी, चांदवड मिळून ४० बागा झाल्या होत्या. पहिली अर्थातच मामांची.

येणारी प्रत्येक नोंद मी वेगळ्या फाइलीत ठेवत होते. तो निर्णय विचार करून घेतला होता आणि त्याची कारणं मला आजही चुकीची वाटत नाहीत. लिहिता लिहिता काही बिघडलं तर तेवढी एक फाइल खराब होईल, बाकी सगळं शाबूत राहील. एक नोंद लिहिली जात असताना दुसरीला ताटकळावं लागणार नाही. शंका आली की फाइल उघडायची आणि डोळ्यांनी वाचायची. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९० च्या दशकात ईमेल साठवायची 'मेलडिर' नावाची पद्धत काढली, तीत प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाइल असते, आणि त्यामागे हेच तर्क आहेत. जगभर ती पद्धत अजून चालते. माझी फाइल तर जेमतेम २०० बाइटची. चार आकडे, बागेचा क्रमांक, वेळ. एवढ्याशा फाइलीचं ओझं ते काय होणार, असं मला वाटलं होतं.

डिसेंबरात सुरू केलं. वर्ष पुरं झाल्यावर आलेल्या जानेवारीत, ऐन थंडीच्या लाटेत, एका रात्री ११ वाजून २० मिनिटांनी शेवटची नोंद आली आणि त्यानंतर एकही आली नाही. नोंद साठवली गेली की मगच ती तपासायची आणि इशारा द्यायचा, असा क्रम मी बांधला होता. साठवण थांबली, म्हणून इशाराही थांबला. मामा फोनच्या भरवशावर झोपले होते. पाचच्या सुमारास अंगावरच्या गोधडीतून गारठा आत शिरला तेव्हा ते उठले, दारातल्या पाऱ्याकडे पाहिलं आणि तसेच बागेत धावले. मामीने काटक्या, पाचट जे हाताला लागलं ते ओढत नेलं. तोवर पश्चिमेच्या कडेच्या ओळींना व्हायचं ते झालं होतं. आठ-दहा दिवसांनी त्या घडांतले मणी तडकलेले दिसले.

सकाळी साडेसहाला मामांचा फोन आला. "तुझं मशीन बंद होतं का गं रात्री?" एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सर्व्हरवर संदेश उभा होता: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर जागा नाही. मी जागा तपासली. डिस्क ३२ जीबीची, भरलेली होती फार तर पाव. तीन हिस्से मोकळी असलेली डिस्क जागा नाही म्हणत होती. जुन्या चाचणीच्या फाइली काढून टाकाव्यात म्हणून हुकूम दिला, तर उत्तर आलं: 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. यादीच इतकी लांब होती की पुसण्यासाठी तिचा उच्चारसुद्धा करता येत नव्हता. शेवटी थोड्या थोड्या करून काही हजार फाइली काढल्या आणि सकाळी ७ वाजता नोंदी पुन्हा सुरू झाल्या.

त्या दिवशी दुपारी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. तो इथे देते, कारण हा हिशेब कुणीही आधी करू शकतं आणि सहसा कुणी करत नाही. १० मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला १४४ नोंदी. ४० बागांच्या ५,७६०. वर्षाच्या २१,०२,४००. आता दुसरी बाजू. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो. आयनोड म्हणजे त्या फाइलीचा उतारा: मालक कोण, कधी बदलली, मजकूर डिस्कवर नेमका कुठे आहे. डिस्क तयार करतानाच असे किती उतारे निघतील ते ठरून जातं. नेहमीच्या मांडणीत दर १६ केबी जागेमागे एक. ३२ जीबीला ते होतात २०,९७,१५२. माझ्या वर्षाच्या नोंदींपेक्षा जेमतेम ५,००० कमी. म्हणजे सगळी यंत्रं अखंड चालली असती, तर ३६५ व्या दिवशी व्यवस्था बंद पडणारच होती. मधूनमधून एखादी डबी रुसायची, म्हणून १५-२० दिवस जास्त मिळाले. ती रात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेली होती; मी ती वाचली नव्हती.

जागेचंही तसंच. डिस्क जागा देते ती ४,०९६ बाइटच्या तुकड्यांत. २०० बाइटची फाइल असली तरी तुकडा अख्खा जातो. माझा वर्षभराचा खरा मजकूर ४०० एमबीच्या आसपास होता, त्याने अडवले होते ८ जीबी. विसांतला एक हिस्सा माल, बाकी पोकळी.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजायला संगणक लागत नाही. वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर आली की काय होतं, ते आपण पाहतोच. प्रत्येक तुकड्याला वेगळा सातबारा, वेगळा बांध, जायला वेगळी वाट. एकरभराचे दहा तुकडे केले की पिकाखालची जमीन कमी होते आणि बांधाखालची वाढते. औत वळवायला जागा उरत नाही, आणि तलाठ्याच्या दप्तरात दहापट पानं होतात. याच धास्तीने १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. आज सातबाऱ्यावर दिसतो तो गट नंबर त्याच एकत्रीकरणातून आलेला. मी शेतकऱ्याच्या घरची भाची, आणि डिस्कवर २१ लाख बांध घालून बसले होते.

संध्याकाळी घरी गेले. बाबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. बाबांनी सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. फाइल म्हणजे काय, आयनोड म्हणजे काय, हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे २१ लाख नग. आणि प्रत्येक नगाला वेगळं बिन कार्ड?"

मी म्हटलं, हो, तसंच.

"वॉशरला कोणी कार्ड देतं का? कार्ड डब्याला असतं."

मग त्यांनी वॉशर कसे मोजतात ते सांगितलं. लहानपणी मी ते प्रत्यक्ष पाहिलंही होतं, कारखान्याच्या दसऱ्याच्या पूजेला गेले असताना. १०० वॉशर मोजून घ्यायचे, त्यांचं वजन करायचं, आणि पुढचे हजारो नुसते तोलायचे. इंजिनाचा भाग आला तर त्याला नंबर, पेटी, सही, सगळं. वॉशरला डबा. डब्यावर माप, धातू, आवक-जावक. कुठल्या मालाला एकेकटं नाव द्यायचं आणि कुठल्या मालाला एकत्र, हे ज्याला कळलं नाही त्याचं स्टोअर दोन वर्षांत बसतं, असं बाबा म्हणाले. त्यांच्या सगळ्या नोकरीचं सार मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. तोवर मला वाटायचं, बाबा सामान देतात आणि घेतात.

पुढचे तीन आठवडे आम्ही दुरुस्तीत घालवले. जुन्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या होत्या. रात्री कामाला लावलं, सकाळी येऊन बघते तर अजून चालूच. ८ जीबीचा एखादा चित्रपट असता तर काही मिनिटांचं काम. पण २१ लाख वेळा फाइल शोधायची, उघडायची, वाचायची, मिटायची, नवी जागा मागायची, नवा उतारा लिहायचा. वेळ मजकुराने खाल्ला नाही, या येरझाऱ्यांनी खाल्ला. मग सगळ्या नोंदी आम्ही एसक्यूलाइटमध्ये भरल्या, महिन्याला एक फाइल. एसक्यूलाइट म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली छोटी डेटाबेस-व्यवस्था. ती आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनात असते. तिच्या कर्त्यांनी केलेल्या मोजणीत १० केबीच्या आसपासचे तुकडे स्वतंत्र फाइलींतून वाचण्यापेक्षा तिच्यातून सुमारे ३५ टक्के वेगाने वाचले गेले, आणि जागाही साधारण २० टक्के कमी लागली. आमच्या तुकड्यांना तर त्याहून कितीतरी जास्त लाभ झाला, कारण ते फारच लहान होते. ४० बागांचं एक वर्ष आता १२ फाइलींत आहे. एकेक फाइल ३५ एमबीच्या आसपास. सगळ्या वर्षाची नक्कल चहा होईपर्यंत निघते.

१२ फाइली. मामांच्या कॅलेंडराची पानं १२.

या पेचात मी एकटी नव्हते, हे वाचल्यावर थोडा धीर आला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आम्ही रोज वापरतो. ते आधी प्रत्येक बदल सुट्या वस्तूसारखा ठेवतं, तोही एका ढिगात नाही: नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून २५६ कप्प्यांत वाटून. आणि अशा सुट्या वस्तू ६,७०० च्या आसपास गेल्या की स्वतःहून त्यांचं गाठोडं बांधायला घेतं. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये 'हेस्टॅक' या आपल्या व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्याकडे २६० अब्ज प्रतिमा होत्या. एक फोटो दाखवायला सुरुवातीला डिस्कला दहाहून जास्त फेऱ्या पडत, आणि त्यातल्या बहुतेक फोटोसाठी नसून फोटोचा पत्ता शोधण्यासाठी असत. त्यांनी फोटो मोठ्या फाइलींत एकापुढे एक रचले, पत्ते छोटे करून यंत्राच्या मेमरीत ठेवले, आणि फेरी एकावर आणली. इतक्या मोठ्या पसाऱ्याची आणि माझ्या दोन खोल्यांची अडचण एकच होती.

आपल्याकडे ही विद्या कापडात होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले लक्षावधी कागद आहेत, आणि ते रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. विषयाचे, परगण्याचे, सालाचे कागद एकत्र ठेवून चार कोपरे बांधायचे, वर चिठ्ठी लावायची. चिठोऱ्याएवढी पावती, हरकाऱ्याने आणलेलं दोन ओळींचं पत्र, घोड्याच्या चंदीचा हिशेब, यातलं काहीही एकटं पडून राहिलं असतं तर वाळवीच्या आधी वाऱ्यानेच नेलं असतं. रुमालात होतं म्हणून टिकलं. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात काढले. एवढं काम एवढ्या थोड्या वर्षांत होऊ शकलं, याचं श्रेय सरदेसायांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कष्टांना आहेच. मला त्यात ज्या कारकुनांनी गाठी बांधल्या त्यांचाही वाटा दिसतो. त्यांची नावं कुठल्याही खंडावर नाहीत.

मोट बांधायला मात्र मी घाबरतही होते, आणि ती भीती अजून गेलेली नाही. सुट्या फाइलींतली एक बिघडली तर १० मिनिटं जातात. महिन्याची फाइल बिघडली तर ४० बागांचा महिना जातो. म्हणून दर रात्री नक्कल, आणि ती नक्कल दुसऱ्या गावातल्या यंत्रावर. जमिनीच्या एकत्रीकरणातही हे झालं. गट पडले, नकाशे नवे आले, पण जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात किती गेला याच्या चुका राहिल्या, आणि त्या चुकांची भांडणं नातवंडं लढत आहेत. एकत्र करणं सोपं असतं. आत गेलेला प्रत्येक कण पुन्हा हाताला लागला पाहिजे, हे अवघड. आमच्या द्राक्षवाल्यांना ते चांगलं समजतं. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीला दणका बसला. त्यानंतर अपेडा या सरकारी कृषी-निर्यात संस्थेने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट उभं केलं: प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, आणि परदेशातल्या दुकानात पोचलेल्या पेटीवरून नाशिक जिल्ह्यातल्या बागेपर्यंत उलटं येता येईल असा माग. मण्यावर कुणी नाव लिहीत नाही. पेटीवर लिहितात, आणि मणी कोणत्या प्लॉटमधला ते कळतं. माझ्या फाइलीत मी तेच धरून ठेवलं. प्रत्येक नोंदीबरोबर बाग आणि वेळ, आणि या दोहोंची सूची आधी. कुठल्याही बागेची कुठल्याही पहाटेची नोंद मागितली की क्षणात येते.

त्याच वर्षी श्रावणात बाबा गेले.

अस्थी घेऊन मी, आई आणि मामा रामकुंडावर गेलो. आम्ही नाशिकचेच, पण मूळचे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. आजोबांनी इकडे राहायला यायचं धाडस केलं नव्हतं, ते बाबांनी केलं. विधी झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "आडनाव? मूळ गाव?" मी सांगितलं. ते आत गेले, कापडात बांधलेल्या वह्यांच्या उतरंडीतून एक बासन काढून घेऊन आले, गाठ सोडली. आधी गाव, मग आडनाव, मग घर. चार-पाच मिनिटं लागली असतील. त्यांनी वही माझ्यासमोर वळवली. १९५६ च्या सिंहस्थाला आलेल्या माझ्या आजोबांच्या हातची सही तिथे होती. शाई तांबूस झालेली, 'र' ला वर फराटा. बाबा 'र' असाच काढायचे. मी आजोबांना पाहिलेलं नाही. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदा तिथे पाहिलं, आणि ज्याच्यासाठी आले होते त्या माणसाचं अक्षर त्यात दिसलं.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे अशा नामावळ्या पिढ्यान् पिढ्या आहेत. कुणी कुठल्या प्रांताचा, कुणी कुठल्या आडनावांचा, अशी वाटणी ठरलेली. एक यात्रेकरू म्हणजे दोन-तीन ओळी. त्याने आपल्या गावाचं, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचं, सही करायची आणि निघून जायचं. परत येईल तो कदाचित त्याचा पणतू. तरी ओळ सापडते. माझ्या धंद्यात आम्ही अशा वाटणीला 'शार्डिंग' म्हणतो, सूचीला 'इंडेक्स' म्हणतो, गाठोड्याला 'पॅकफाइल' म्हणतो; गोदेच्या काठावर तिन्ही गोष्टी कापडाच्या एका गाठीत होत्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा असंच जुनं दप्तर गावोगाव उघडलं गेलं, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. एकेका ओळीवर एकेका घरातल्या मुलाचा दाखला अडला होता. दोन शब्दांची नोंद शंभर वर्षांनी कुणाच्या कामाला येईल, हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं.

त्या पानावर मी आजीचं नाव शोधलं. नव्हतं. आजोबांच्या नावापुढे 'सहकुटुंब' असा एकच शब्द होता. आजी त्या सिंहस्थाला आली होती, हे मला तिच्याकडूनच माहीत आहे. गर्दीत तिची एक पाटली हरवली ती गोष्ट तिने आम्हाला कितीदा सांगितली. ती, आणि कडेवर दोन वर्षांचे बाबा, त्या एका शब्दात आहेत. गाठोडं बांधताना काय काढून टाकायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ते पुन्हा कधी मिळत नाही. मी डिस्कवरची पोकळी काढली, त्यात मजकुरातलं एक अक्षर गेलं नाही. इथे अख्खी माणसं गेली होती. मला ते फार लागलं, अजून लागतं.

गुरुजींनी पेन दिलं. मी बाबांचं नाव लिहिलं, तिथी लिहिली, आईचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. मग विचारलं, "आजीचं नाव लिहू का? १९५६ ला त्या आल्या होत्या."

"लिहा की. जागा आहे," ते म्हणाले.

आजीचं नाव, तिच्या माहेरचं गाव, आणि साल, असं मी लिहिलं. मामा शेजारी उभे राहून वाचत होते.

दिवस झाल्यावर मामांना सोडायला निफाडला गेले. ओसरीवर बसले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर जानेवारीपर्यंत मागे नेलं. त्या तारखेच्या चौकटीत, एवढी धावपळ झाली त्या दिवशीही, मामांनी लिहिलं होतं: 'पहाटे ५. पारा ४. शेकोट्या. कडेच्या ओळी गेल्या.' यंत्र बंद होतं असं त्यात कुठे नव्हतं. भाचीचं नावही नव्हतं. मी त्या चौकटीचा फोटो काढला.

खांबावरच्या डबीत नोंदी साठवून ठेवायची सोय आता केली आहे; तेव्हा ती नव्हती. त्यामुळे त्या रात्री ११:३० पासून सकाळी ६:५० पर्यंतच्या, दर बागेच्या ४५ नोंदी कुठेच नाहीत. ४० बागांच्या मिळून १,८०० जागा. शेजारच्या तासांवरून अंदाजाने आकडे भरता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी तसे भरतातही. मी भरले नाहीत, आणि कुणी भरू नयेत असं मला वाटतं. रिकामी जागा हीसुद्धा त्या रात्रीची नोंद आहे. जानेवारीच्या फाइलीत त्या १,७९९ जागा आजही रिकाम्या आहेत. एक भरलेली आहे: मामांची बाग, पहाटे ५ वाजता, ४ अंश. 'कुठून मिळाली' या रकान्यात लिहिलं आहे, 'ओसरीवरचं कालनिर्णय'.